‘दिसला नाही’ आणि ‘नाही’

शाबानची किंवा रमजानची एकोणतीस तारीख आली की मगरिबच्या नमाजनंतर आमच्या मोहल्ल्यातल्या साऱ्या गच्च्या पश्चिमेकडे तोंड करून उभ्या राहतात. पोरेबाळे, बायका, नुकतेच मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले दादामियाँ, सगळेच आभाळात डोळे रोवून. कुणी नारळाच्या शेंड्याच्या वर बोट दाखवतो, कुणी विजेच्या तारांच्या मधल्या फटीत. थोड्या वेळात काळोख होतो आणि मशिदीकडून विचारणा येते, काय झाले? काही जण म्हणतात, “दिसला नाही.” काही जण म्हणतात, “चाँद नाही.” वर्षानुवर्षे ही दोन्ही उत्तरे आम्ही एकच समजत आलो. ती एक नाहीत, हे आमच्या फार उशिरा लक्षात आले. आणि लक्षात आले तेव्हा आमच्याच हातून एक चूक होऊन गेली होती. ती पुढे सांगूच.

आपल्या फकिहांना मात्र हा फरक पक्का ठाऊक होता. हनफी फिकहमध्ये चाँदच्या साक्षीचा मसला पाहा. आभाळ ढगाळ असेल तर रमजानच्या चाँदसाठी एका भरवशाच्या माणसाची साक्ष पुरते, ईदच्या चाँदसाठी दोघांची लागते. पण आभाळ स्वच्छ असेल तर एकदोघांच्या सांगण्यावर भागत नाही, मोठ्या जमावाने पाहिलेला लागतो. लहानपणी मौलानांनी हे सांगितले तेव्हा आम्हाला ते उलटेच वाटले होते. स्वच्छ आभाळात तर दिसणे सोपे, मग साक्षीदार जास्त कशाला? उत्तर त्यातच आहे. आभाळ स्वच्छ असताना गावभर लोकांनी पाहिले आणि कुणालाच दिसला नाही, तर त्या न दिसण्याला वजन असते. अशा वेळी एकटाच कुणी “मला दिसला” म्हणाला तर त्याची नजर चुकली असण्याचा संभव अधिक. ढगाळ आभाळात मात्र हजार लोकांना दिसला नाही तरी त्यातून काहीच सिद्ध होत नाही. म्हणजे न सापडण्याची किंमत किती, हे शोधणाऱ्यांच्या संख्येवर ठरत नाही. ती वस्तू तिथे असती तर या परिस्थितीत आपल्याला दिसली असती का, या प्रश्नावर ती ठरते. शाफई मसलकात रमजानसाठी एका विश्वासू साक्षीदारावर भागते, तिथे ही गुंतागुंत नाही. पण हनफींनी केलेली ही मांडणी आम्हाला बुद्धीच्या अंगाने फार मोठी वाटते.

मुहद्दिसांची रीतही अशीच. एखादी हदीस समोर आली आणि तिची सनद माहीत नसली, तर ‘मी ही ओळखत नाही’ असा शेरा निराळा आणि ‘हिला मूळच नाही’ असा शेरा निराळा. दुसरा शेरा मारण्याआधी किती प्रवास आणि किती पाठांतर पाठीशी हवे, याची त्यांना जाण होती.

खगोलशास्त्रज्ञ गच्चीवर चढण्याआधी गणित करतो. सूर्य आणि चंद्र यांच्यातले कोनीय अंतर सुमारे सात अंशांपेक्षा कमी असेल तर कोर मुळी दिसूच शकत नाही, असे फ्रेंच शास्त्रज्ञ आंद्रे दाँजाँ यांनी १९३०च्या दशकात मांडले. १९९७ मध्ये बर्नार्ड यॅलॉप या ब्रिटिश शास्त्रज्ञाने जुन्या-नव्या २९५ निरीक्षणांचा अभ्यास करून चाँद दिसण्याच्या शक्यतेच्या सहा पायऱ्या केल्या: सहज दिसेल इथपासून अजिबात दिसणार नाही इथपर्यंत. मधल्या पायऱ्यांवर गणितही हात टेकते. तिथे धूळ, दमट हवा आणि पाहणाऱ्याची नजर यांचेच चालते. दरवर्षी गणितवाले आणि डोळ्यांनी पाहणारे यांच्यात जे भांडण जुंपते (आता ते मोबाइलवरही चालते आणि फजरपर्यंत संपत नाही), त्यात आम्हाला पडायचे नाही. एवढेच सुचवावेसे वाटते की ‘आज दिसणे अशक्य होते’ हे गणित जितक्या खात्रीने सांगू शकते, तितक्या खात्रीने ‘आज दिसलाच असेल’ हे सांगू शकत नाही. दोन्ही पक्षांनी एवढे मान्य केले तरी अर्धा वाद मिटेल.

आता समुद्राकडे वळू. १ जून २००९ रोजी रिओ दि जानेरोहून पॅरिसला निघालेले एअर फ्रान्सचे विमान अटलांटिक महासागरात कोसळले. २२८ माणसे गेली. पाण्यावर तरंगणारे काही अवशेष आणि काही मृतदेह थोड्याच दिवसांत मिळाले, पण विमानाचा सांगाडा आणि ब्लॅक बॉक्स कुठे बुडाले ते कळेना. ब्लॅक बॉक्सला पाण्याखाली आवाज करणारे यंत्र जोडलेले असते, ते साधारण महिनाभर आवाज करत राहते. जहाजांनी पाण्यात ध्वनिग्राहक सोडून विमानाच्या शेवटच्या ज्ञात ठिकाणाभोवती कान लावले. काही ऐकू आले नाही. तेव्हा साहजिकच वाटले की विमान त्या भागात नसणार. पुढचा शोध दुसरीकडे सरकला. त्यावर्षी आणि पुढच्या वर्षी समुद्राचा तळ धुंडाळला गेला, हाती काही लागले नाही.

मग संभाव्यतेचे गणित करणाऱ्या काही तज्ज्ञांना हे काम दिले गेले. त्यांच्या शास्त्राचे मूळ अठराव्या शतकातल्या थॉमस बेझ या इंग्रज पाद्रीच्या विचारात आहे, आणि दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्या शोधताना अमेरिकन नौदलासाठी बर्नार्ड कूपमन यांच्यासारख्या गणितज्ञांनी शोधाचे स्वतंत्र शास्त्र उभे केले. रीत समजायला अवघड नाही. समुद्राचे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनात वस्तू असण्याची शक्यता लिहायची. एखादा चौकोन शोधून रिकामा निघाला तर त्याची शक्यता कमी करायची, पण शून्य करायची नाही. किती कमी करायची? वस्तू तिथे असती तर आपल्या यंत्राला ती सापडण्याची जेवढी खात्री होती, तेवढीच. आता या तज्ज्ञांनी एक साधा प्रश्न विचारला: आवाज करणारी दोन्ही यंत्रे अपघातात बंद पडली असतील तर? तसे धरून आकडे पुन्हा मांडले, तेव्हा ‘ऐकून झालेला’ म्हणून सोडून दिलेला भाग पुन्हा सर्वांत वर आला. मार्च २०११च्या अखेरीस तिथे शोध सुरू झाला आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच सांगाडा सापडला. जवळपास ३९०० मीटर खोल, आणि शेवटच्या ज्ञात ठिकाणापासून फार दूर नाही.

आपल्या फकिहांच्या भाषेत सांगायचे तर दोन वर्षे ढगाळ आभाळाला निरभ्र समजले गेले होते. यंत्र मुके झाले होते आणि निष्कर्ष समुद्राविषयी काढला गेला.

क्षयरोगाच्या प्रयोगशाळेतला माणूस हे रोज करतो आणि त्याचे त्याला काही वाटतही नाही. थुंकीच्या तपासणीत जंतू दिसले नाहीत तर तो ‘जंतू आढळले नाहीत’ असे लिहितो, ‘क्षय नाही’ असे लिहीत नाही. कारण सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसायला एका मिलिलीटर थुंकीत ते साधारण पाच ते दहा हजार असावे लागतात. त्याहून कमी असतील तर रोगी खोकत राहतो आणि काच स्वच्छ दिसते. घरी मात्र आपण तो कागद वाचून म्हणतो, “चला, काही नाही निघाले!”

आता आमची चूक. काही वर्षांपूर्वी आम्ही चारपाच मित्रांनी ठरवले की आपल्या तालुक्यात मराठीतून लिहिणाऱ्या मुसलमानांची यादी करायची. पहिल्यांदा एका जुन्या वाचनालयात गेलो. तिथल्या गृहस्थांनी नोंदवही न उघडताच सांगितले, “मुसलमानांचे मराठीत काही नसते हो, उर्दूत बघा.” आम्हाला राग आला, आणि तो रास्तच होता. शेख महंमद श्रीगोंदेकरांचा ‘योगसंग्राम’ आहे, शहा मुनींचा ‘सिद्धांतबोध’ आहे. रा. चिं. ढेऱ्यांनी १९६७ मध्ये ‘मुसलमान मराठी संतकवी’ हे पुस्तक लिहिले, यू. म. पठाण यांनी या संतांवर काम केले, १९९० मध्ये सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. इतके सगळे असूनही ‘काही नसते’! पण यात एक मेख आहे. बिदरकडच्या मुंतोजी बामणींचे दुसरे नाव मृत्युंजय. नोंदवहीत मुसलमानी नावे हुडकणाऱ्याच्या हाती मृत्युंजय लागणार नाही, आणि मृत्युंजय वाचणाऱ्याला मुंतोजी आठवणार नाही. ग्रंथालयशास्त्रात शोधाचे दोन निकष मानतात: जे मिळाले त्यातले कामाचे किती, आणि जे कामाचे होते त्यातले मिळाले किती. पहिला निकष ताबडतोब तपासता येतो. दुसरा तपासायला जे मिळाले नाही ते ठाऊक असावे लागते, म्हणून तो सहसा कुणी तपासतच नाही.

आम्हीही तपासला नाही. वर्षभरात तेवीस नावांची यादी झाली आणि आम्ही एका सभेत ती अभिमानाने वाचून दाखवली. त्यात एकही स्त्री नव्हती. कुणी विचारले, तेव्हा आमच्यातल्याच एकाने सांगितले की आपल्याकडच्या बायकांनी मराठीत काही लिहिले नाही. मागच्या रांगेतून एक म्हातारी खाला म्हणाली, “लिहिले कोण म्हणते बाबा? जात्यावर म्हटले ते कुठे जाते?” सभेत हशा पिकला. आम्हीही हसलो. नंतर कळले की हेमा राईरकर आणि गी पॉयतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, आणि त्या गाणाऱ्यांत मुसलमान बायकाही आहेत. ते वाचनालयात गेले नव्हते, जात्यापाशी जाऊन बसले होते. आम्ही छापील पुस्तकांत शोधले, छापील पुस्तकांत बायका नव्हत्या, आणि त्यावरून आम्ही बायकांविषयी बोललो. वाचनालयातल्या गृहस्थांनी आमच्याबाबतीत जे केले तेच आम्ही आमच्या आया-खालांबाबत केले. त्या गृहस्थांनी निदान सभा तरी भरवली नव्हती.

इथवर न सापडण्याविषयी झाले. सापडण्याचाही एक प्रश्न आहे, आणि तो आपल्या समाजाला अधिक दुखतो. ८ सप्टेंबर २००६ रोजी, शुक्रवारी, शब-ए-बारातच्या दिवशी मालेगावच्या बडा कब्रस्तान परिसरात स्फोट झाले. नमाज पढून निघालेली माणसे मेली. पुढे तपासात नऊ मुसलमानांना अटक झाली. २०१३ मध्ये दुसऱ्या यंत्रणेने निराळ्याच लोकांवर आरोपपत्र ठेवले, आणि २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने त्या नऊ जणांना आरोपमुक्त केले. त्यांतला एक तोवर हयात राहिला नव्हता. आम्ही कायद्याचे जाणकार नाही आणि कुणाच्या मनात काय होते हे आम्हाला सांगता येणार नाही. पण समुद्राचे चौकोन आठवतात. सगळी शक्यता आधीच एका चौकोनात लिहून ठेवली असेल तर बाकीच्या चौकोनांत कुणी गळ टाकत नाही, आणि त्या एका चौकोनात जे हाताला लागेल तेच हरवलेले ठरते. मग जे मेले त्यांचा गुन्हेगारही सापडत नाही, ही गोष्ट त्या गदारोळात विसरली जाते.

अशा चुकीचे पुढे काय करायचे, हा आमच्या मते खरा नैतिक प्रश्न आहे. फिकहमध्ये याचे दोन धागे सापडतात. प्रवासात किबल्याची दिशा कळेना, विचारायला कुणी नाही, तर माणसाने होईल तितका अंदाज घ्यावा, याला तहर्री म्हणतात, आणि नमाज पढावी. मागाहून दिशा चुकली असे कळले तर? हनफी म्हणतात, प्रामाणिकपणे शोधले होते ना, नमाज झाली. शाफई मसलकातले प्रबळ मत असे की चूक खात्रीने कळली तर नमाज पुन्हा पढावी. म्हणजे देशावरचा मुसलमान सुटतो आणि कोकणातल्या आमच्या भावाला पुन्हा उभे राहावे लागते! पण हनफी न शोधताच कुठेही तोंड करून उभा राहिला आणि दिशा चुकली, तर त्यालाही सूट नाही. सूट शोधाला आहे, चुकीला नाही.

ही सूटही अल्लाहच्या हक्काच्या बाबतीतली. माणसाच्या हक्काचे गणित वेगळे आहे. ते पाहायचे तर लुकता, म्हणजे रस्त्यात सापडलेली वस्तू, हे प्रकरण वाचावे. पैशाची थैली सापडली तर तिची दोरी कशी, कापड कसे ते नीट ओळखून ठेवावे आणि वर्षभर पुकारा करावा. हरवलेल्या उंटाला मात्र हात लावू नये. त्याचे पाय त्याच्यापाशी आहेत, पाणी त्याच्या पोटात आहे, मालक त्याला गाठेल. सापडले म्हणून उचललेच पाहिजे असे नाही, जसे कुणाच्या घरात डोकावून दोष हुडकणे, तजस्सुस, कुरआनने मना केले आहे. आणि थैलीचे काय? हनफी फकीह म्हणतात, वर्ष उलटल्यावर ती तू सदका केलीस, तुझी नियत साफ होती, पुकाराही केला होतास, तरी मालक उद्या दारात येऊन उभा राहिला आणि भरपाई मागू लागला तर ती द्यावी लागेल.

मालेगावच्या त्या माणसांची दहा वर्षे कुणाच्या थैलीत होती, हे आम्हाला माहीत नाही. आमच्या यादीपुरते मात्र आम्ही ठरवले आहे. ती खाला अजून आहे, जाते आता परसात पालथे पडलेले असते. येत्या रविवारी टेपरेकॉर्डर घेऊन तिच्याकडे जायचे आहे, ती म्हणते, “या, पण माझ्या जावेलाही बोलवा, तिला माझ्याहून जास्त येतात.”