माप आणि नाव

बांधणीच्या खेळण्यांविषयी, विशेषतः डेन्मार्कमधील लेगोच्या ठोकळ्यांविषयी, सुशिक्षित मंडळींत बोलणे निघाले की अलीकडे एक तक्रार हमखास पुढे येते, आणि ती इतक्या निःशंकपणे केली जाते की तिचा साक्षीपुरावा तपासण्याची गरज कोणालाच वाटत नाही. तक्रार अशी की, पूर्वी डब्यात साधे चौकोनी ठोकळे असत व मूल आपल्या कल्पनेने त्यांतून मनास येईल ते उभारी. आता डब्यात शेकडो तऱ्हांचे, एकेका कामासाठीच घडविलेले तयार भाग येतात, बरोबर जाडजूड सूचनापुस्तिका येते, आणि मुलाला काय किंवा माझ्यासारख्या प्रौढाला काय, हुकुमाची तामिली करण्यापलीकडे काही कर्तव्य उरत नाही. साधा ठोकळा म्हणजे स्वातंत्र्य आणि विशिष्ट भाग म्हणजे दास्य, असे हे समीकरण आहे. ते ऐकावयास सुटसुटीत आहे, त्यात गतकाळाविषयीचा जिव्हाळाही आहे. परंतु ते उथळ आहे, आणि ज्या वस्तूविषयी ते मांडले जाते ती वस्तू हातात घेऊन न पाहता मांडले जाते, असे माझे मत आहे.

या विषयासंबंधी आणखीही आक्षेप घेतले जातात. पण त्यांत मला फारसे तथ्य दिसत नाही. प्रौढाने खेळण्यात मन घालू नये असे म्हणणाऱ्यांना खेळ आणि पोरकटपणा यांतील भेदच मान्य नसतो, तेव्हा त्यांच्याशी वाद संभवत नाही. गुंतवणूक म्हणून न उघडलेले डबे फडताळात साठविणाऱ्यांचा रचनेशी काही संबंध पोहोचत नाही. किमती भारी आहेत हे खरे. परंतु किंमत हा बाजाराचा प्रश्न आहे, घडणीचा नव्हे. पहिल्या तक्रारीची गोष्ट मात्र निराळी. ती रचनेविषयीच बोलते, तिच्यात अर्धे सत्य आहे, आणि म्हणूनच तिचा सविस्तर समाचार घेणे अवश्य आहे.

इतिहास बहुतेकांना ठाऊक आहे. बिलुंड गावचा सुतार ओले किर्क क्रिस्तियानसेन याने १९३२ साली लाकडी खेळणी करावयास घेतली. हिलरी पेज या इंग्रजाच्या किडिक्राफ्ट ठोकळ्यांच्या धर्तीवर १९४९ साली त्याच्या कारखान्यातून प्लॅस्टिकचे ठोकळे निघाले. आणि २८ जानेवारी १९५८ रोजी त्याचा मुलगा गोटफ्रेड याने पोटात नळ्या असलेल्या ठोकळ्याच्या पेटंटासाठी अर्ज दाखल केला. या इतिहासातून मला एकच गोष्ट उचलावयाची आहे. १९५८ नंतर ठोकळ्याचे द्रव्य बदलले, कारण १९६३ साली सेल्युलोज ॲसिटेट जाऊन एबीएस आले. रंग बदलले, आकार हजारोंनी वाढले. पण एक गोष्ट कायम राहिली, ती म्हणजे माप. एका स्टडपासून, म्हणजे ठोकळ्याच्या माथ्यावरील गोल उंचवट्यापासून, दुसऱ्या स्टडचे अंतर ८ मिलिमीटर, ठोकळ्याची उंची ९.६ मिलिमीटर, आणि ठोकळ्याच्या एक तृतीयांश जाडीची जी प्लेट, तिची उंची ३.२ मिलिमीटर. या तीन आकड्यांत सारा कायदा साठविलेला आहे. पाच प्लेटा एकावर एक रचल्या की १६ मिलिमीटर होतात, आणि दोन स्टडांची रुंदीही १६ मिलिमीटरच भरते. म्हणजे उभ्या मोजणीचा आडव्या मोजणीशी मेळ बसतो, आणि उभी रचना आडवी करून तीच भिंत पुढे चालविता येते. ज्याला हा मेळ एकदा उमगला, त्याला ठोकळा साधा की विशिष्ट हा प्रश्न पुन्हा पूर्वीसारखा महत्त्वाचा वाटत नाही.

आता तक्रारीकडे वळू. तिचा पहिला आधार ऐतिहासिक आहे आणि तो टिकत नाही. १९४९ च्या त्या आद्य ठोकळ्यांच्या बाजूंना खाचा होत्या, आणि त्या तयार खिडक्या-दारे बसविण्यासाठीच ठेविलेल्या होत्या. १९५५ साली जी नगररचनेची मालिका निघाली व जिच्यापासून ही सारी पद्धत पद्धत म्हणून नावारूपास आली, तिच्यात तयार झाडे होती, तयार मोटारी होत्या, रहदारीच्या पाट्याही होत्या. केवळ चौकोनी ठोकळ्यांचे जे सुवर्णयुग सांगितले जाते, ते दप्तरांत कोठेही सापडत नाही. १९७९ साली निघालेले गॅलॅक्सी एक्सप्लोरर हे अंतराळयान साध्या ठोकळ्यांच्या पंथाचे आराध्यदैवत आहे. त्यातही पिवळी पारदर्शक काच, छापील नियंत्रणफलक, अँटेना, शिरस्त्राणे घातलेले अंतराळवीर हे सारे विशिष्ट भागच होते. २०२२ साली तेच यान दीडपट आकाराने पुन्हा काढण्यात आले. ३३८ भागांच्या जागी १,२५४ भाग झाले, आणि तरीही जुने यान ज्याने लहानपणी बांधले असेल त्याला नव्याची ओळख पटविण्यासाठी कोणाची साक्ष काढावी लागत नाही. भाग चौपटीच्या आसपास वाढूनही रूप हरवले नाही, याचे कारण जुन्या यानाचे रूप मुळात चौकोनी ठोकळ्यांत नव्हतेच. ते प्रमाणांत होते.

दुसरा आधार गणिताचा. दोन बाय चारचे, एकाच रंगाचे केवळ सहा ठोकळे ९१ कोटी ५१ लक्ष ३ हजार ७६५ प्रकारांनी जोडता येतात. कोपनहेगन विद्यापीठाचे गणितज्ञ सोरेन आयलर्स यांनी काढलेला हा आकडा साध्या ठोकळ्याच्या अनंत सामर्थ्याचा दाखला म्हणून वारंवार पुढे केला जातो. आकडा बरोबर आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष बरोबर नाही. या एक्क्याण्णव कोटी रचनांपैकी एकीतही स्टड आडवा झालेला नाही. प्रत्येक रचनेत सर्व स्टडांचे तोंड एकाच दिशेला, वर, आहे. म्हणजे ही कोट्यवधींची संपत्ती एकाच दिशेच्या अमलाखाली आहे. संख्या अफाट असूनही मुभा तुटपुंजी असू शकते, हे भान या युक्तिवादाला नाही.

ती दिशा कोणी मोकळी केली? विशिष्ट भागांनी. त्यांतील एकच येथे जवळून पाहू. एर्लिंग डिडेरिकसेन या रचनाकाराच्या नावावरून रसिक ज्याला ‘एर्लिंग’ म्हणतात, तो एक बाय एकचा ठोकळा मोटारीचा पुढचा दिवा बसविण्याच्या कामासाठी म्हणून ओळखला जातो, आणि त्यामुळे त्याला हेडलाइट ब्रिक असेही नाव पडले आहे. तळहातावर घेतला तर तो नखाएवढा दिसतो. त्याच्या एका बाजूस थोडा आत दबलेला स्टड आहे आणि मागल्या बाजूस चौकोनी भोक आहे. हा दबलेपणा १.६ मिलिमीटरचा, म्हणजे बरोबर अर्ध्या प्लेटेचा आहे. आता हा ठोकळा उताणा करून मागल्या भोकाने दुसऱ्या स्टडावर बसवा: त्याचा बाजूचा स्टड आता वर येतो, आणि त्या स्टडाच्या बुडाची उंची ८ मधून १.६ वजा जाता ६.४ मिलिमीटर, म्हणजे नेमक्या दोन प्लेटांची भरते. मोटारीच्या दिव्यासाठी घडलेल्या भागातून अर्ध्या प्लेटेचे, दोन प्लेटांचे आणि आडव्या दिशेचे असे तीन हिशेब एकदम हाती येतात, आणि त्यांच्या जोरावर इमारतीच्या भिंती, जहाजांचे बाक, अक्षरांच्या पाट्या उभ्या राहतात. स्टड वर न ठेवता बाजूस वळविण्याचे जे एक मोठे शास्त्र प्रौढ रसिकांत आज प्रचलित आहे, त्याच्या पायाशी असे विशिष्ट भागच आहेत. साध्या ठोकळ्यांच्या कैवाऱ्यांनी हा एवढासा भाग जरी प्रामाणिकपणे हाताळला असता, तरी आपली फिर्याद त्यांनी मागे घेतली असती, असे मला वाटते.

तिसरा आधार सूचनापुस्तिकेचा. ती आज्ञापालन शिकविते, हे म्हणणे मला मान्य नाही. ती रचनाकाराने सोडविलेला प्रश्न पायरीपायरीने उलगडून दाखविते, आणि जो डोळे उघडे ठेवून ती वाचतो त्याच्या संग्रही प्रत्येक पुस्तिकेअंती एखादी नवी जोडणी जमा होते. तिच्यावर आक्षेप घ्यावयाचाच असेल तर तो एवढाच घेता येईल की, पूर्वी डब्याच्या पाठीवर त्याच भागांच्या दुसऱ्या रचनांची चित्रे कोणत्याही कृतीविना छापलेली असत व ती पाहून मूल स्वतः शोध घेई. ही वहिवाट मोडली, ती मोडावयास नको होती.

तरीही या तक्रारीत अर्धे सत्य आहे, असे मी वर म्हटले, ते नाकारता येत नाही. शतक पालटण्याच्या सुमारास या कारखान्यातून खरोखरच असे भाग निघाले, ज्यांचा कोणालाही दुसरा उपयोग सुचला नाही. २००१ ची जॅक स्टोन आणि २००२ ची गॅलिडोर या मालिका रसिकांच्या स्मरणात आहेत त्या याच कारणाने. २००३ व २००४ साली कंपनी जबर तोट्यात गेली, २००४ साली यॉर्गेन विग क्नुडस्टॉर्प यांच्या हाती कारभार आला, आणि पुढे भागांच्या जातींची संख्या बारा-तेरा हजारांवरून सुमारे सात हजारांवर आणण्यात आली. साध्या ठोकळ्यांचे कैवारी या घटनेचा अर्थ आपल्या बाजूने लावतात. पण या छाटणीने फक्त जाती कमी झाल्या. चौकोनी ठोकळ्याकडे कोणी परतले नाही. त्यानंतरच्या काळात विशिष्ट भागांच्या बळावरच अधिक सूक्ष्म व अधिक देखणी रचना झाली, हे २००७ च्या कॅफे कॉर्नरपासून सुरू झालेल्या नगरगृहांच्या मालिकेवरून कोणालाही पाहता येईल. तेव्हा रोग होता हे खरे, निदान मात्र चुकले होते.

माझ्या मते खरा भेद साधा आणि विशिष्ट असा नसून, मापाधीन आणि नामाधीन असा आहे. ज्या भागाची प्रत्येक महत्त्वाची बाजू त्या तीन आकड्यांच्या कायद्याला रुजू होते, तो मापाधीन. त्याचे रूप कशाचेही असो, तो कोठेही बसतो. ज्या भागाचे रूप त्याच्या नावाने गिळून टाकले आहे, तो नामाधीन. त्याला त्या नावाबाहेर जागा नाही. आपल्याकडील वृत्तबद्ध काव्य ज्याने वाचले आहे त्याला हा भेद समजावून सांगण्याची गरज नसावी: मनाच्या श्लोकांच्या भुजंगप्रयातात एखादा शब्द बसतो तो त्याच्या अर्थामुळे नव्हे, तर लघुगुरूंच्या क्रमामुळे, आणि म्हणूनच तेथे अत्यंत परस्परभिन्न अर्थांचे शब्द शेजारी शेजारी नांदू शकतात.

२०२१ साली निघालेल्या बोन्साय वृक्षाच्या सेटात फुलांनी बहरलेल्या फांद्या आहेत. आणि त्या गुलाबी फुलांत शंभर बेडूक आहेत. नावाने पाहिले तर बेडकाइतका विशिष्ट भाग दुसरा नाही. पण तो स्टडावर बसतो, त्याचा विस्तार शेजारच्या स्टडाचा हक्क हिरावून घेत नाही. म्हणून त्याचे नाव गळून पडते आणि तो फूल होतो. लहानसा माणूस, १९७८ साली हातपाय हलविणारा म्हणून आलेला मिनिफिगर, हा तर माणूस या नावाचाच पुतळा. परंतु त्याच्या डोक्यावर स्टड आहे, आणि त्याच्या मुठीत बसणाऱ्या दांडीची जाडी सुमारे ३.२ मिलिमीटर, म्हणजे प्लेटेइतकी आहे. इतका ठाम नावाचा भाग इतका मापाधीन असावा, ही या पद्धतीतील मला सर्वांत थोर वाटणारी गोष्ट आहे.

याच्या उलट, रसिक ज्याला तिरस्काराने ‘बर्प’ म्हणतात तो खडकाचा मोठा, आतून पोकळ भाग पाहा. कोणी म्हणेल की, त्याच्याही माथ्यावर स्टड आहेत आणि बुडाला जोडणी आहे, मग तोही मापाधीनच नव्हे काय? येथे माझा भेद आणखी काटेकोर करणे प्राप्त आहे. या भागाचे माप केवळ कडांना आहे; मधला सारा विस्तार खडक या नावाने बळकावला आहे, तेथे बांधणाऱ्याला शिरकाव नाही. माप कडेला असणे पुरेसे नव्हे. ते भागाच्या अंगभर वागले पाहिजे. माझा सारा आग्रह या एका मुद्द्यावर येऊन थांबतो, आणि तो सोडण्यास मी तयार नाही.

हा भेद केवळ रसिकाच्या लहरीतून निघालेला नाही, याला एक अनपेक्षित पुष्टी न्यायालयाकडून मिळते. दोन बाय चारच्या ठोकळ्याची आकृती आपले व्यापारचिन्ह म्हणून कंपनीने नोंदविली होती. ती नोंद रद्द झाली, आणि २०१० साली युरोपीय न्यायालयाने तो निर्णय कायम केला, कारण ती आकृती तांत्रिक कार्यासाठी आवश्यक आहे. कंपनीच्या दृष्टीने हा फैसला तोट्याचा ठरला असेल. विचाराच्या दृष्टीने तो ठोकळ्याचा सन्मान होता. ठोकळा हे कोणाचे चिन्ह होऊ शकत नाही, कारण तो कशाचेच नाव सांगत नाही. तो फक्त जोडतो.

म्हणून सुजाण पालकांनी व प्रौढ रसिकांनी डब्यात साधे ठोकळे किती आणि विशिष्ट भाग किती, ही शिरगणती सोडून द्यावी. बिलुंडच्या कारखान्यात नवा साचा कापण्यापूर्वी एकच प्रश्न विचारला जावा: या भागाचे नाव पुसून टाकले तर त्याचे माप अंगभर शिल्लक राहते काय? राहत असेल, तर तो बेडूक असो, दिवा असो की केळे असो, त्याचा साचा अवश्य कापावा. राहत नसेल, तर तो कितीही देखणा, कितीही खपणारा असला तरी त्याला या पद्धतीत स्थान देऊ नये. कल्पनाशक्तीची जी काही राखण खेळण्याकडून होऊ शकते, ती या एका कसोटीने होईल. चौकोनाच्या आठवणी काढून होणार नाही.