एक इंच आणि सव्वा मैल

लोखंडी नांगराच्या नाकाशी, जेथे बैलांची साखळी अडकवतात तेथे, भोके पाडलेली एक लहानशी पट्टी असते. नांगर विकत घेताना तिच्याकडे कोणी फारसे पाहत नाही. लोक फाळ पाहतात, रुमणे हातात धरून पाहतात, वजनाचा अंदाज घेतात. परंतु साखळीचा आकडा या पट्टीच्या वरच्या भोकात घातला की फाळ खोल जातो आणि खालच्या भोकात घातला की उथळ चालतो. आकडा डावीउजवीकडे सरकवला की तासाची रुंदी कमीजास्त होते. पट्टी नीट लावलेली असली म्हणजे नांगर आपल्या वाटेने चालतो. नांगऱ्याने रुमण्यावर नुसता हात ठेवला तरी पुरते. ती चुकीची लावली, तर त्या चुकीची किंमत दिवसभर नांगऱ्याचे दंड आणि बैलांच्या माना मोजतात.

या पट्टीविषयी आम्ही लिहीत आहोत ते शेतकीचा धडा देण्यासाठी नव्हे. आमच्या वाचकांपैकी पुष्कळ जण आता शहरांत राहतात आणि त्यांचा नांगराशी संबंध उरलेला नाही. पण या लहान वस्तूत एक मोठा प्रश्न दडलेला आहे आणि तो कोणालाच चुकत नाही. काम हलके करणारी एखादी युक्ती निघाली, तर वाचलेले श्रम कोणाच्या मालकीचे?

प्रथम हिशेब पाहू. एक एकर जमीन ८ इंच रुंदीच्या तासाने नांगरायची, तर नांगऱ्याला सुमारे १२⅜ मैल, म्हणजे जवळजवळ २० किलोमीटर चालावे लागते. तास ९ इंचांचा केला, तर हेच अंतर ११ मैलांवर येते. वळणांवरची पावले यात धरलेली नाहीत. आकडा थोडासा सरकवून तास एका इंचाने रुंद झाला आणि एकरामागे सव्वा मैलाहून अधिक चाल वाचली. मात्र याच हिशेबाला दुसरी बाजू आहे. तास जितका रुंद आणि खोल, तितकी ओढ अधिक. माणसाच्या पायांवरचे ओझे उतरले. त्यातले काही बैलांच्या खांद्यावर गेले.

आता या सव्वा मैलावर तिघे हक्क सांगू शकतात. मालक म्हणेल, नांगराला पैसे मी घातले. वाचलेल्या वेळात आणखी जमीन नांगरून झाली पाहिजे. नांगऱ्या म्हणेल, पाय माझे होते. मला आज तासभर लवकर सुटू द्या. तिसरा हक्कदार बैल. तो काहीच म्हणत नाही, आणि म्हणूनच त्याचा वाटा सर्वांत आधी विसरला जातो.

ज्याची जमीन त्याच्याच हातात रुमणे असेल, तर भांडण मिटते. वाफसा थोडे दिवस टिकतो. तेवढ्यात नांगरट उरकली तर त्याचे वर्ष सावरते, आणि तो लाभ त्याचाच आहे. प्रश्न उभा राहतो तो जमीन एकाची आणि चालणे दुसऱ्याचे असते तेथे.

याचे एक उदाहरण इतिहासात फार ठळकपणे सापडते. अमेरिकेचे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले टॉमस जेफरसन १७८८ साली फ्रान्समध्ये प्रवास करीत असता तेथील जड, बेढब नांगर पाहून विचारात पडले. माती उलटवणारी नांगराची फळी कोणत्या वक्राने घडवली असता तिला कमीत कमी अडथळा होईल, हे त्यांनी गणिताने शोधले. त्याचे वर्णन १७९८ साली अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटीपुढे मांडले. साध्या सुतारालाही ती फळी हुबेहूब करता यावी अशी रीत त्यांनी सांगितली होती. या शोधाचे पेटंट त्यांनी घेतले नाही. फ्रान्समधील एका कृषिसंस्थेने त्यांना सुवर्णपदक दिले. ज्ञान सर्वांसाठी खुले ठेवणारा हा उदारपणा आदरास पात्र आहे.

परंतु माँटिसेलो येथील त्यांच्या शेतांत राबणारी माणसे गुलाम होती. जेफरसन यांच्या हयातीत सहाशेहून अधिक माणसे त्यांच्या मालकीची होती. नांगराला होणारा मातीचा अडथळा ज्यांनी इतक्या बारकाईने मोजला, त्यांनी त्या शेतांत राबणाऱ्यांपैकी बहुतेकांना मोकळे केले नाही. १८२६ साली ते वारले आणि १८२७ च्या जानेवारीत त्यांची देणी फेडण्यासाठी माँटिसेलोत लिलाव पुकारला गेला. जाहिरातीत १३० गुलामांची विक्री होती. नांगर हलका झाला होता, पण त्या हलकेपणात नांगरणाऱ्याचा वाटा नव्हता.

येथे कोणी म्हणेल की शोध लावणाऱ्याने शोध लावावा. त्याचा उपयोग कसा होतो याला तो काय करणार? हे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. परक्याच्या शेतात आपली फळी कशी वापरली जाईल, हे कोणाच्याही हाती नसते. पण जेफरसन यांच्या बाबतीत शोधकही तेच आणि मालकही तेच होते. त्यांच्यापुढे प्रश्न परक्या शेताचा नव्हता.

नव्या अवजाराकडे कष्टकरी संशयाने पाहतो, तेव्हा आपण त्याला अडाणी म्हणून मोकळे होतो. चार्ल्स न्यूबोल्ड यांनी १७९७ साली अमेरिकेत ओतीव लोखंडाच्या नांगराचे पेटंट घेतले, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होईल असे तेथील शेतकरी म्हणाले. शंभर वर्षांनंतर, १९०३ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा आपल्या शेतकऱ्यांनीही तेच म्हटले आणि गिऱ्हाईक मिळायला फार वाट पाहावी लागली. समजूत चुकीची होती, यात शंका नाही. पण प्रयोग फसला तर ज्याचे वर्ष बुडणार, त्याने सावध असणे यात अडाणीपणा कोणता? सुधारणेचा धोका ज्याच्या अंगावर, त्याला लाभात वाटा मिळेल असे कोणी ठामपणे सांगितले होते काय?

जुन्या करारातील नियमशास्त्राने हा प्रश्न फार पूर्वी हाताळला आहे. सातव्या दिवशी विसावा घ्यावा असे सांगताना ते केवळ घरधन्यापाशी थांबत नाही. बैल, गाढव, दासीचा मुलगा आणि परका यांनाही विसावा मिळावा असे सांगते. मळणी करणाऱ्या बैलाला मुसके बांधू नये असेही तेथे म्हटले आहे. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की हे धन्याच्या दयेवर सोडलेले नाही. नियम म्हणून घातलेले आहे. दया धन्याच्या मर्जीनुसार कमीजास्त होते. नियमाने ठरलेला विसावा ज्याचा त्याला मिळतो.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे. अवजाराची किंमत मालकाने मोजली आहे; ती वसूल होईपर्यंत त्याचा वाटा मोठा असला तरी चालेल. पण सगळाच लाभ त्याचा, हे न्यायाचे नाही. काही वाटा मजुरीत किंवा सुटीत नांगऱ्याकडे गेला पाहिजे आणि ओढ वाढली असेल तर बैल लवकर सुटले पाहिजेत. हा वाटा नांगर घरी येण्यापूर्वी ठरवावा. नंतर ठरवू म्हटले की तो वाढत्या कामात विरून जातो आणि काही हंगामांनी तेवढे काम हीच रीत होऊन बसते.

शहरातील वाचकांनी हा हिशेब आपल्या घरी करून पाहावा. कपडे धुण्याचे यंत्र आले, तेव्हा धुणेभांडी करणाऱ्या बाईंचा तासभर वाचला. त्या तासाचे काय झाले? बाई लवकर घरी गेल्या, की त्यांना खिडक्या पुसायला सांगितले, की महिन्याच्या पैशांतून काही कापले? नांगराच्या पट्टीवर आकडा कोणत्या भोकात घालायचा हे ज्याच्या हाती असते, तोच बहुधा हेही ठरवतो. आणि पुष्कळ घरांत तो हात आपला आहे.