गोवर आणि शेजारधर्म

गोवराची सांथ जवळपास आली म्हणजे घरांतील वडील माणसांच्या बोलण्यांत दोन परस्परविरुद्ध सूर ऐकूं येतात. आजीबाई म्हणतात, गोवर तो काय, सगळ्यांच्याच मुलांना येतो. एकदां येऊन गेला म्हणजे जन्माची काळजी मिटली. आईबापांचा जीव मात्र थाऱ्यावर नसतो. मुलाचें कपाळ किंचित् कढत लागलें तरी त्यांच्या पोटांत धस्स होतें. आजीबाईंच्या म्हणण्यांत सत्य नाहीं असें नाहीं. १८४६ सालीं डेन्मार्कच्या ताब्यांतील फॅरो बेटांत गोवर शिरला, तेव्हां सुमारें ७,८०० वस्तीपैकीं जवळ जवळ ६,००० माणसें अंथरुणास खिळलीं; परंतु पासष्ट वर्षांपूर्वीं, म्हणजे १७८१ सालीं, ज्यांना गोवर येऊन गेला होता ते म्हातारे तेवढे सुखरूप राहिले. पीटर पानुम नांवाच्या तरुण डॉक्टरानें हें टिपून ठेवलें. तेव्हां एकदांचा गोवर जन्माला पुरतो, हें खरेंच. पण हा अनुभव सांगावयास उरतात तीं वांचलेलीं माणसें. २०२३ सालीं जगांत एक लाखाहून अधिक जीव गोवरानें गेले, व त्यांत बहुतेक पांच वर्षांखालचीं मुलें होतीं. त्यांच्या आया कोणाला असा धीर देत बसत नाहींत.

म्हणून आईबापांच्या भीतीला आम्ही हंसत नाहीं. आमचा प्रश्न निराळा आहे. ही भीति योग्य ठिकाणीं भिते काय?

गोवराची लस १९६३ सालीं उपलब्ध झाली आणि आपल्या देशांत १९८५ पासून ती सरकारी लसीकरणांत आहे. आज तिच्या दोन मात्रा देतात. पहिली नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरी दीड वर्षाच्या सुमारास. असें असतां सुशिक्षित घरांतूनहि कोणी बाप सुईपुढें कचरतो. त्याच्या मनाची घडण पाहण्यासारखी आहे. टोंचून आणल्यावर मुलाला ताप आला, तर तो म्हणतो, ‘हें मीं केलें.’ न टोंचतां गोवर आला, तर म्हणतो, ‘हें दैवानें केलें.’ लसीनें येणारा ताप दोन दिवसांचा असतो, आणि जिवावर बेतणारी विपरीत प्रतिक्रिया दहा लाखांत एखादीच. उलट गोवर पुढें फुप्फुसांत किंवा मेंदूंतहि उतरूं शकतो. तरी हाताच्या कृतीचें पाप मोठें आणि हात आंखडल्याचें पाप लहान, असा हिशेब त्यानें मनाशीं मांडलेला असतो. १९९८ सालीं इंग्लंडांतील एका डॉक्टरानें अवघ्या बारा मुलांवरून या लसीचा संबंध आत्ममग्नतेच्या विकाराशीं जोडला. तो निबंध खोटा ठरून २०१० सालीं मासिकानें मागें घेतला. पण त्यानें पेरलेली शंका मागें घेतां आली नाहीं. हात आंखडण्याला निमित्त हवेंच असतें, आणि छापील निमित्त मिळालें म्हणजे तें विवेकासारखें दिसूं लागतें.

जर्मन तत्त्वज्ञ कांट यानें १७९७ सालच्या आपल्या नीतिशास्त्रावरील ग्रंथांत, देवी टोंचून घेणें नीतीला धरून आहे काय, असा प्रश्न केला आणि उत्तर न देतां तसाच सोडला. जेन्नरचा शोध तेव्हां प्रसिद्ध व्हावयाचा होता. टोंचणें म्हणजे खऱ्या देवीचाच अंश अंगांत घेणें, आणि त्यांत मृत्यूचें भय खरोखर होतें. पण कांटच्या प्रश्नांत धोका पत्करणारा आणि ज्याचा जीव धोक्यांत पडतो तो, एकच मनुष्य आहे. गोवराच्या बाबतींत ठरवितो बाप, भोगतें मूल. इतकेंच नव्हे, तर ज्याला कोणी विचारलेंच नाहीं असें तिसरें एक मूल या प्रश्नांत उभें आहे.

तें शेजारचें तान्हें मूल होय. आईकडून मिळालेली शक्ति हळूहळू ओसरत चाललेली, आणि लसीचें वय अद्याप आलेलें नाहीं. किंवा रक्ताच्या कर्करोगावर उपचार चालू असलेलें मूल, ज्याला ही लस देतांच येत नाहीं. यांचें रक्षण करावयाचें तें भोंवतालच्या मुलांनीं. आणि गोवर इतका संसर्गजन्य कीं, शंभरांतील पंचाण्णव मुलें सुरक्षित असावीं लागतात. यावर एखादा सज्जन म्हणतो, ‘माझ्या मुलाला गोवर निघाला तर मी दार लावून घेईन, कोणाच्या घरीं त्याला नेणार नाहीं.’ त्याच्या हेतूविषयीं आम्हांस शंका नाहीं. पण अंगावर पुरळ उठण्याच्या चार दिवस आधींपासून तें मूल रोग वांटीत असतें. तें खोलींतून निघून गेल्यावरहि दोन तासांपर्यंत तेथील हवेंत विष राहूं शकतें. दार लावण्याची वेळ कळते, तेव्हां ती टळून गेलेली असते. या बाबतींतला शेजारधर्म रोग दिसण्यापूर्वींच पाळला तर पाळला.

दुसरा एक हुशार बाप असतो. तो म्हणतो, ‘इतरांनीं टोंचून घेतलेंच आहे, मग आमच्याचें काय अडलें आहे?’ खुलभर दुधाची कहाणी त्यानें लहानपणीं ऐकलेली असते. त्या कहाणींत सगळ्या गांवानें मुलांच्या तोंडचें दूध नेऊन ओतलें तरी गाभारा भरला नाहीं, आणि आधीं घरच्या लेंकरांना तृप्त करून आलेल्या म्हातारीच्या खुलभर दुधानें भरला. लसीचें तसेंच आहे. येथें आपल्या मुलाच्या तोंडचें कांहीं काढून परक्याला द्यावयाचें नाहीं. आपल्या मुलाला दिलें कीं गाभाऱ्यांत पडतेंच. इतका स्वस्त परोपकार नीतिशास्त्रांत आम्हांस तरी दुसरा आढळला नाहीं, आणि तोहि ज्याला जड वाटतो त्याच्याशीं वाद घालण्यांत अर्थ नाहीं.

मात्र सर्वच न टोंचलेल्या मुलांच्या आईबापांना या एका मापानें मोजणें अन्यायाचें होईल. २०२२ सालच्या हिवाळ्याच्या सुमारास मुंबईंत गोवंडी, तसेंच भिवंडी व मालेगांव येथें गोवर पसरला, मुलें दगावलीं. तेव्हां आमच्या वर्गांतील पुष्कळांनीं ‘अडाणी लोक’ म्हणून विषय संपविला. कोठें कोठें गैरसमज होतेच. परंतु कोविडच्या दोन वर्षांत नेहमींचीं टोंचणीं मागें पडलीं होतीं. एका खोलींत आठ माणसें राहत होतीं. आणि रोजावर पोट असलेल्या आईला दवाखान्याची सकाळ म्हणजे त्या दिवसाची भाकरी होती. पुढें घरोघर फिरून जादा मात्रा देण्यांत आली, सांथीच्या भागांत सहा महिन्यांच्या मुलांनाहि दिली, आणि बहुसंख्य आयांनीं मुलें पुढें केलीं. ज्याच्या दारीं लस आहे आणि जो ती नाकारतो त्याचा दोष, आणि जिच्या दारीं ती वेळेवर पोंचलीच नाहीं तिचें दुर्दैव, हीं दोन्ही एका तराजूंत घालतां येत नाहींत.

आमच्या घरीं धुणेंभांडीं करावयास येणारी बाई बहुधा अशाच वस्तींतून येते. तिच्या मुलाची दुसरी मात्रा राहिली असेल, तर ती देण्याचा दिवस कामाच्या दिवशींच येतो. आणि त्या सकाळच्या खाड्याचे पैसे कापावयाचे कीं नाहीं, हें ती ठरवीत नाहीं, आम्ही ठरवितों.