क्षमा केली, मग भरपाई कशाला?



आपला भाग येणाऱ्या-जाणाऱ्यांचा आहे. नांदेडला हजूर साहिबच्या दर्शनासाठी थेट पंजाबपासून माणसे येतात. लातूरला शिकवणीसाठी मुलांना सोडायला दूरदूरचे पालक गाड्या घेऊन येतात. देगलूर-बिलोलीकडून तेलंगणाच्या आणि उदगीरकडून कर्नाटकच्या गाड्या रोजच धावतात. पाहुण्यांचे येणे आनंदाचेच असते. परंतु रस्त्याच्या सवयी ठाऊक नसलेल्या परगावच्या चालकाच्या हातून अपघात झाला, की आपल्यापुढे एक अवघड प्रश्न उभा राहतो.

समजा, लोह्याजवळ शेतातून घरी परतणाऱ्या एका बाईला परराज्यातल्या गाडीने ठोकरले. मांडीचे हाड मोडले. चालक पळाला नाही. गाडीत म्हातारी माणसे आहेत, लेकरे आहेत. तो हात जोडतो, रडतो. जमलेल्यांतले चार जाणते म्हणतात, "देवदर्शनाला निघालेली माणसं आहेत, कुठं पोलीस-कोर्ट करता? वीस हजार घ्या अन् मिटवा." घरचे मान डोलावतात. कागदावर सही होते, गाडी निघून जाते. मग ऑपरेशन, मांडीत रॉड, सहा महिने अंथरूण. बाईची मजुरी बुडते, थोरलीची शाळा सुटते आणि सावकाराचे दार गाठावे लागते.

या कुटुंबाने क्षमा केली असे आपण म्हणू. पण नेमकी कुणी केली? हाड मोडले बाईचे आणि मिटवले चौघांनी. ती तर तेव्हा दवाखान्याच्या वाटेवर होती. शाळा सुटलेल्या मुलीलाही कुणी विचारले नाही. आपल्या वाट्याचे सोडून देणे हा उदारपणा झाला. दुसऱ्याच्या वाट्याचे सोडून देण्याला उदारपणा म्हणता येत नाही.

क्षमा आणि भरपाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्षमा मनातल्या रागाची असते. ती अपघाताच्या जागीही करता येते, आणि केलेली बरी. भरपाई ही झालेल्या नुकसानीची असते. राग गेला म्हणून हाड जुळत नाही आणि बुडालेली मजुरी परत येत नाही. 'त्याचे वाईट होवो' असे मनात न आणता 'माझे जे गेले ते त्याने द्यावे' असे म्हणता येते.

जुन्या करारात निर्गमच्या एकविसाव्या अध्यायात हा विचार स्पष्ट आहे. भांडणात मार बसून कुणी अंथरुणाला खिळला, तर मारणाऱ्याने त्याच्या बुडालेल्या वेळेचे पैसे द्यावेत आणि तो पुरता बरा होईपर्यंत उपचार करवावेत. पुढे त्याच अध्यायात उघड्या खड्ड्याचा नियम आहे. खड्डा खणून झाकला नाही आणि त्यात कुणाचे जनावर पडून मेले, तर खड्डेवाल्याने भरून द्यावे. तिथे वैर नव्हते, नुसता निष्काळजीपणा होता, तरीही देणे लागले. अपघाताला हाच नियम अधिक जवळचा आहे.

गेलेला अवयव परत देता येत नाही, मग पैसे घेणे म्हणजे शरीराचा सौदा नव्हे का? संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकातच याचा विचार केला. त्यांचे म्हणणे असे, की तंतोतंत परत देता येत नसेल तेव्हा शक्य तेवढे द्यावे. कुणाला पंगू केले असेल तर दोघांचीही परिस्थिती पाहून, सज्जन माणसाच्या निवाड्याप्रमाणे, पैशाने किंवा मानाने भरपाई करावी. पायाची किंमत होत नाही हे खरे. पण म्हणून काहीच देऊ नये असे होत नाही.

आज हा निवाडा मोटार अपघात दावा न्यायाधिकरण करते. 'गाडी परराज्यातली, तिला कुठे शोधणार?' या विचाराने पुष्कळजण घरी बसतात. परंतु १९९४ च्या दुरुस्तीपासून दावा जिथे अपघात झाला तिथे, किंवा जखमी माणूस राहतो तिथे, किंवा समोरचा पक्ष राहतो तिथे दाखल करता येतो. निवड जखमीची असते. सिलिगुडीजवळच्या एका अपघाताचा दावा उत्तर प्रदेशात फर्रुखाबादला चालू होता. तो तिकडे हलवावा, साक्षीदार बंगाली बोलणारे आहेत, अशी मागणी गाडीमालकाने केली. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. तेव्हा पंजाबच्या गाडीसाठी आपल्याला पंजाबात जावे लागत नाही.

चालकाची दया येते ती योग्यच आहे. पण प्रत्येक गाडीला तिसऱ्या पक्षाचा विमा काढणे कायद्याने बंधनकारक आहे. तो असेल तर भरपाई साधारणपणे विमा कंपनी देते, त्या गरीब चालकाला घर विकावे लागत नाही. ही सोय समाजाने याच दिवसासाठी केली आहे. मात्र पोलिसांत नोंद झालीच नाही, गाडीचा नंबर आणि विम्याचा तपशील घेतलाच नाही, तर पुढे सिद्ध काय करणार? कायद्यात दाव्यासाठी सहा महिन्यांची मुदत लिहिली आहे. ती न्यायालयात वादाचा विषय झाली असली, तरी उशीर न करणे शहाणपणाचे. उपचारासाठी २०२५ पासून केंद्र सरकारची योजनाही आहे. नेमलेल्या रुग्णालयात अपघातापासून सात दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत, रोख न भरता उपचार मिळू शकतात.

मग मागायचे किती? जेवढे खरे तेवढेच. सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या एका निकालात समजावले आहे, की डाव्या हाताला मुकलेला सुतार आणि डाव्या हाताला मुकलेला कारकून यांचे नुकसान सारखे नसते. डॉक्टरांनी लिहिलेला अपंगत्वाचा टक्का एक आणि कमाईवर झालेला परिणाम दुसरा. घरातच राबणाऱ्या बाईच्या कामालाही मोल आहे, हे न्यायालयाने २०२१ मध्ये पुन्हा ठासून सांगितले. म्हणून 'ती कुठे कमावते?' असे म्हणून बाईचा दावा सोडू नये.

आता खरी कसोटी. धडक देणारी गाडी अंधारात निघून गेली, नंबर कुणी पाहिला नाही. अशा वेळी सरकारी योजनेतून १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपये मिळतात. विमा असलेली गाडी सापडली असती तर कितीतरी जास्त मिळाले असते. मग कुणीतरी सुचवतो, "ओळखीतल्या एखाद्याची विम्याची गाडी दाखवू. कंपनीचं काय जातं?" घरात माणूस तळमळत असताना हा मोह किती मोठा असेल, याची आपण कल्पना करू शकतो. त्या कुटुंबाला लगेच नावे ठेवू नयेत. पण मार्ग खोटाच आहे. त्यासाठी एका निर्दोष माणसाने 'मी ठोकरले' असे म्हणायचे, साक्षीदाराने शपथेवर खोटे बोलायचे, आणि पळून गेलेला खरा दोषी कायमचा सुटायचा. शिवाय खोटे दावे वाढले की खऱ्या जखमीकडेही संशयाने पाहिले जाते. पन्नास हजार अपुरे आहेत, हे मान्य. उरलेले कुठून येणार? इथे ख्रिस्ती समाजाने नुसता उपदेश करून भागत नाही. खोटे बोलू नका असे सांगणाऱ्यांनी आपल्या खिशातही हात घालायला हवा.

आपणही कधी पाहुणे असतोच. पुण्याला, वेलांकनीला, लग्नकार्याला आपल्या गाड्या जातात. परक्या गावात आपल्या हातून कुणी जखमी झाले, तर 'इथे मला कोण ओळखतो?' हा विचार पहिला येतो. कायदा सांगतो, की थांबावे, जखमीच्या उपचाराची सोय करावी आणि पोलिसांना कळवावे. संत लूकच्या शुभवर्तमानातला चांगला शोमरोनी आठवा. तोही त्या रस्त्यावरचा वाटसरूच होता. अपघातही त्याने केला नव्हता. तरी त्याने जखमा बांधल्या, उतारशाळेत दोन दीनार दिले आणि जास्त लागले तर परत येताना देईन असे सांगितले. ज्याने काहीच बिघडवले नव्हते त्याने एवढे केले. मग ज्याच्या चाकाखाली कुणाचा पाय आला, त्याने किती करावे?

आपल्या धर्मग्रामात कुणावर अशी वेळ आली, तर त्यांना एकटे सोडू नका. कुणीतरी पोलीस ठाण्यात सोबत जावे, कुणी दवाखान्याची कागदपत्रे नीट जपून ठेवावीत. नांदेड आणि लातूर या दोन्ही ठिकाणी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. तिथे स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना, उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मिळू शकतो. आणि रस्त्यावर कुणी "मिटवा" म्हणू लागले, तर आधी जखमीला दवाखान्यात न्या. तिचा निर्णय तिला शुद्धीवर येऊन घेऊ द्या.