आजीचे ऋण

घरातील म्हातारी गेली की आपण म्हणतो, "तिने कुटुंबासाठी देह झिजवला." पण एवढे म्हटल्याने ऋण फिटते काय?

अंगुत्तर निकायात तथागत सांगतात, की आईला एका व बापाला दुसऱ्या खांद्यावर घेऊन शंभर वर्षे सेवा केली, तरी ते ऋण फिटत नाही. त्यांना श्रद्धा, शील, दान आणि प्रज्ञा यांत स्थिर करणाराच ते फेडतो.

मला आईच्या मायेने वाढवणारी आजी सर्वांना वाढून उरलेले खायची. तिच्या मजुरीवर मी घरातला पहिला पदवीधर झालो, शिक्षक झालो. इतरांच्या मुलांना अक्षरे शिकवली; तिच्या हाती मात्र पाटी दिली नाही. ती शेवटपर्यंत अंगठाच उठवत राहिली. तिच्या अर्धपोटी राहण्याला आम्ही त्याग म्हणालो, कारण त्यामुळे आमची ताटे भरत होती.

१९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजली. त्या मापाने माझे घर उणे ठरते.

पुण्यानुमोदनात आजीचे गुणगान अवश्य करा. परंतु ज्यांच्या घरी ती माउली अजून हयात आहे, त्यांनी आज तिला आपल्यासोबत जेवायला बसवावे आणि जेवण झाल्यावर तिच्यापुढे पुस्तक उघडावे. मला ती संधी उरलेली नाही.