खड्डा खणण्याआधी

नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर मागे पडलं की किनवटच्या वाटेवर सागाची रानं सुरू होतात. श्रावणात गाडीतून पाहणारा म्हणतो, मराठवाड्यात एवढं जंगल! खरं रान ओळखायचं तर चैत्रात यावं. जिथे मिश्र जंगल शिल्लक आहे तिथे पळस नुकता फुलून गेलेला असतो, मोहाखाली पहाटे टोपल्या घेऊन बायका बसलेल्या असतात, चारोळीला फळ धरलेलं असतं, टेंभुर्णीला कोवळी पानं येत असतात. आणि जिथे नुसता साग आहे तिथे उघडे सरळ खांब आणि खाली वाळलेल्या पानांचा थर. त्या थराला एक ठिणगी पुरते.

साग परका नाही. किनवट-माहूरच्या डोंगरांत तो धावडा, ऐन, सालई, बेहडा यांच्या सोबतीनं वाढत आला. त्याची सोबत तोडली, तिथे बिघडलं. 1972 साली राष्ट्रीय कृषी आयोगानं उत्पादनक्षम वनशेतीचा मार्ग सुचवला: कमी किमतीची मिश्र जंगलं काढायची आणि बाजारात मोल असलेली झाडं लावायची. 1974 मध्ये महाराष्ट्राचं वनविकास महामंडळ उभं राहिलं. देशाला लाकूड हवं होतं, आणि हिशोब लाकडाचाच झाला. मोहाची फुलं, बिब्बा, चारोळी, डिंक, कंद यांना त्या हिशोबात रकानाच नव्हता. आंध, कोलाम, गोंड, परधान या आदिवासी घरांचे उन्हाळ्यातले दोन-तीन महिने ज्यावर निघतात, ते सगळं त्या रकान्याबाहेर राहिलं. आताच्या झारखंडमधल्या सिंहभूममध्ये 1978च्या सुमारास हो आदिवासींनी साल वृक्षाच्या जागी साग लावायला विरोध केला. साल त्यांना बी देतो, पान देतो, त्याच्या राईत त्यांचे देव आहेत. साग वेचायला काय देतो, हा त्यांचा प्रश्न किनवटलाही तितकाच लागू पडतो.

मातीचंही तसंच. सागाचं पान सुपाएवढं. त्यावर पावसाचे बारीक थेंब एकत्र येतात आणि उंचावरून टपोरे होऊन खाली आदळतात. खाली झुडूप, गवत, कुजलेला पाला असेल तर तो मार झेलला जातो. एकट्या सागाच्या दाट लागवडीत खाली फारसं काही वाढत नाही, आणि पाचोळा वणव्यात गेला की माती उघडी पडते. भर पावसाळ्यात सागाची पानं जाळीदार, करपल्यासारखी दिसतात. ते काम पानातला हिरवा गर खाणाऱ्या अळीचं. मैलोगणती एकच झाड म्हणजे तिला घातलेली पंगत. मिश्र रानात तिला पुढचा साग शोधावा लागतो.

लातूरची गोष्ट वेगळी. इथे वनक्षेत्र एक टक्क्याच्याही आत. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा अख्ख्या देशानं लातूर पाहिलं. त्याच वर्षी 1 जुलैला राज्यात दोन कोटी रोपं लावायचं लक्ष्य होतं. 2019चं लक्ष्य तेहेतीस कोटींवर गेलं. तहानेनं हवालदिल झालेल्या माणसाला झाड लावावंसं वाटणं यात खोटं काही नाही. मीही त्या पहिल्या जुलैत कुदळ घेऊन गेलो होतो. तेव्हा एक प्रश्न मला सुचला नाही: ज्या जमिनीत आपण खड्डा खणतोय, तिथे आधी काय होतं?

बहुतेक ठिकाणी माळ होता. गायरान, बरड, पडीक, काहीही म्हणा. महसुली कागदावर पडीक लिहिलेल्या या जमिनीवर मारवेल, पवन्या, शेडा वाढतो. देवणी आणि लाल कंधारी, लातूर आणि नांदेड या आपल्या दोन जिल्ह्यांनी जगाला दिलेले गाई-बैलांचे हे दोन वाण याच गवतावर पोसले गेले. लांडगा, चंडोल आणि धाविक पक्षी यांना झाडांची गर्दी सोसत नाही, मोकळा माळच लागतो. गवताच्या मुळांचं जाळं मुरमाड जमीन धरून ठेवतं आणि पहिल्या पावसाचं पाणी मुरवतं. माळाला ओसाड म्हणणं ही आपल्या नजरेची चूक आहे, आणि ती फार महाग पडते.

त्या माळावर लागलं काय? बऱ्याच ठिकाणी गिरिपुष्प, म्हणजे आपली उंदीरमारी. शेताच्या बांधावर ती गुणाची. पाला जमिनीत गाडला की उत्तम खत. पण गायरानावर तिला पसंती मिळाली ती जनावर तोंड लावत नाही म्हणून. रोपं जगल्याची टक्केवारी चांगली दिसते. चाऱ्यासाठी राखलेल्या जमिनीवर जनावर खाणार नाही असं झाड मुद्दाम निवडायचं, याचा मला अजून उलगडा होत नाही.

पाण्याचा मुद्दा त्याहून गंभीर. 2005 साली शास्त्रज्ञ रॉबर्ट जॅक्सन आणि सहकाऱ्यांनी जगभरच्या नोंदी तपासल्या. गवताळ, झुडपी किंवा शेतजमिनीवर वृक्षलागवड झाली तिथे ओढ्यांचा प्रवाह सरासरी निम्म्यावर आला, आणि तेरा टक्के ओढे वर्षभर तरी पूर्ण आटले. ती लागवड मुख्यतः निलगिरी आणि पाइनची, म्हणून आकडे जसेच्या तसे लातूरला चिकटवू नयेत. पण झाड पाणी ओढतं, ही साधी गोष्ट तहानलेल्या जिल्ह्यानं तरी विसरू नये. झाड लावलं की विहिरीला पाणी येतं, हे गावोगाव सांगितलं जातं. कुठलं झाड, किती दाट, कुठल्या खडकावर, हे सांगितलं जात नाही.

मग हे सुधारत का नाही? एक कारण मोजमापात आहे. भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येत एक हेक्टरहून मोठ्या जमिनीवर दहा टक्क्यांहून अधिक झाडोरा असला की ते वनाच्छादन. जात कोणती, लावलं कोणी, मालकी कोणाची, काही पाहायचं नाही. आंब्याची बाग, निलगिरीचं शेत आणि पैनगंगेकाठचं जुनं रान उपग्रहाला सारखंच हिरवं. कार्बनच्या हिशोबातही हाच घोटाळा होतो. शास्त्रज्ञ सायमन लुईस आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये मांडलं की नैसर्गिक जंगल परत येऊ दिलं तर ते लागवडीच्या चाळीसपट कार्बन साठवतं, कारण लागवड दहा-वीस वर्षांत तोडली जाते आणि साठलेलं पुन्हा हवेत जातं.

नैसर्गिक रान परत येतं यावर लोकांचा विश्वास बसत नाही. पण पळस, धावडा, टेंभुर्णी यांची मुळं तोडणीनंतर वर्षानुवर्षं जमिनीखाली जिवंत असतात. चराई आणि कुऱ्हाड काही पावसाळे थांबली, वणवा लागू दिला नाही, की धुमारे येतात. त्यात रोपवाटिका नाही, टँकर नाही, फोटो नाही. राखणदाराचा पगार तेवढा लागतो, आणि नेमकी त्यालाच तरतूद मिळवणं अवघड जातं.

गेल्या वर्षी देवणी तालुक्यातल्या एका गायरानावर गेलो होतो. शेळ्या राखणारे एक म्हातारे मामा भेटले. चार-पाच वर्षांपूर्वी यंत्रानं ओळीत खणलेले खड्डे अजून दिसत होते, काहींत वाळक्या काड्या. मामांनी काठीनं एका खड्ड्याच्या कडेची माती उकरली.

"ह्यो बघा लेकरा, पळसाचा खुट. निम्मा त्या मशिनीनं तोडला."

उरलेल्या निम्म्याला बोटभर लांबीचे तीन धुमारे फुटले होते. एकाचा शेंडा कुरतडलेला होता. मामांनी जवळच्या दोन काटेरी फांद्या ओढून त्यावर घातल्या आणि शेळ्या दुसरीकडे वळवल्या.