राखणीतले मत

एखाद्या मनुष्याने दिलेला शब्द मोडू नये म्हणून त्याला खोलीत ठेवले, दाराशी पहारा बसवला, आणि त्याने शब्द मोडला नाही, तर त्याने शब्द पाळला असे म्हणता येईल काय? प्रश्न पोरकट वाटेल. परंतु आपल्या देशात विधिमंडळाचा नेता निवडण्याची वेळ आली की दर काही वर्षांनी हाच प्रश्न उभा राहतो. आमदारांना बसगाड्यांत घालून परराज्यातील एखाद्या हॉटेलात नेतात आणि मोजणीच्या दिवशी परत आणून उभे करतात. आपण वर्तमानपत्रातील छायाचित्रे पाहतो, हसतो, दोन कडू शब्द बोलतो आणि पान उलटतो. मला वाटते, येथे पान उलटण्याची घाई करू नये.

हैदराबादच्या वाचकांतील वडील मंडळींना १९८४ चा ऑगस्ट महिना आठवत असेल. एन. टी. रामाराव १९८३ च्या जानेवारीत प्रचंड बहुमताने आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री झाले होते. दीड वर्षाने ते हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी अमेरिकेला गेले आणि परत येऊन दोन दिवसही झाले नाहीत तोच, १६ ऑगस्ट रोजी, राज्यपाल रामलाल ह्यांनी त्यांना पदावरून दूर केले व त्यांचेच अर्थमंत्री नादेंडला भास्करराव ह्यांचा शपथविधी उरकला. बहुमत आपल्याबरोबर आहे असे भास्कररावांचे म्हणणे. रामारावांनी आपले आमदार राजभवनावर नेऊन दाखवले, तरी उपयोग झाला नाही. नव्या मुख्यमंत्र्यांना बहुमत सिद्ध करण्यासाठी तब्बल एक महिन्याची मुदत मिळाली.

हा महिना लक्षात ठेवावा. ज्याच्यापाशी बहुमत आहे त्याला ते मोजून द्यायला महिना लागत नाही. महिना लागतो तो नसलेले बहुमत जमवायला. त्या मुदतीत खजिना, पोलीस व मंत्रिपदे भास्कररावांच्या हाती होती. तेव्हा रामारावांच्या बाजूच्या लोकांनी एक युक्ती केली. आमदारांना घेऊन ते प्रथम दिल्लीला गेले व राष्ट्रपतींसमोर त्यांना उभे केले. रामाराव स्वतः चाकांच्या खुर्चीत बसून होते. पुढे आमदारांना कर्नाटकात नेऊन ठेवण्यात आले, कारण तेथे रामकृष्ण हेगडे ह्यांचे सरकार होते व ते रामारावांना अनुकूल होते. इकडे देशभर संताप उसळला, रामलाल गेले, त्यांच्या जागी शंकर दयाळ शर्मा आले, आणि एकतीस दिवसांनी, १६ सप्टेंबर रोजी, रामाराव पुन्हा मुख्यमंत्री झाले.

अन्यायाचे परिमार्जन झाले ह्यात शंका नाही. त्या वेळी ज्यांनी आनंद केला त्यांना मी दोष देणार नाही. आमदारांना दूर नेले नसते तर त्यांपैकी कित्येक भयाने किंवा लोभाने फुटले असते, हे मानायला बरीच जागा आहे. घरात चोर शिरला असता दाराला कडी घालणाऱ्याला कोणी नावे ठेवत नाही. परंतु कडी घालण्यात एक कबुली होती: आमचे लोक मोकळे राहिले तर आमचे राहतीलच अशी आम्हांला खात्री नाही. सरकार परत मिळाल्याच्या जल्लोषात त्या कबुलीकडे कोणी पाहिले नाही.

अकरा वर्षांनी तिने स्वतःच तोंड दाखवले. १९९४ च्या डिसेंबरात रामाराव पुन्हा मोठ्या बहुमताने निवडून आले होते. १९९५ च्या ऑगस्टमध्ये त्यांचे जावई चंद्राबाबू नायडू ह्यांच्या नेतृत्वाखाली पक्षातील बहुसंख्य आमदार वेगळे झाले. पक्षाच्या व राज्याच्या कारभारात रामारावांच्या पत्नी लक्ष्मी पार्वती ह्यांचा हस्तक्षेप वाढला आहे, अशी त्यांची तक्रार होती. ती खरी होती की निमित्त होते, ह्या वादात मी शिरत नाही. दोन्ही बाजूंनी बोलणारे आजही आहेत. आपल्याला पाहायचे ते साधन. आमदार हैदराबादेतच हुसेन सागराजवळच्या एका हॉटेलात एकत्र ठेवण्यात आले. रामाराव त्यांना परत बोलावण्यासाठी हॉटेलासमोर गेले, तेव्हा त्यांच्यावर चपला फेकल्या गेल्या. विधानसभा बरखास्त करण्याची त्यांची शिफारस राज्यपालांनी मानली नाही. १ सप्टेंबरला नायडू मुख्यमंत्री झाले, आणि १८ जानेवारी १९९६ रोजी रामाराव निवर्तले.

१९८४ साली रामारावांसाठी आमदार एकत्र राखण्यात ज्यांनी पुढाकार घेतला होता, त्यांत हेच चंद्राबाबू होते. विद्या तीच, गुरूवरच उलटली. आमचा हेतू शुद्ध आहे, आज एवढ्यापुरते हे करू द्या, असे म्हणून जे साधन आपण हाती घेतो त्याला आपला हेतू चिकटून राहत नाही. साधन शिल्लक राहते, आणि पुढचा मनुष्य ते स्वतःच्या हेतूने उचलतो. शब्बाथशाळेच्या वर्गात एखादा चुणचुणीत मुलगा विचारतो, चांगल्या कामासाठी थोडेसे खोटे बोलले तर काय बिघडते? त्याला उत्तर देताना पुस्तकातील दाखल्यांऐवजी ही गोष्ट सांगून पाहावी.

आता कोणी म्हणेल, पक्षांतराला आळा घालणारा कायदा १९८५ साली झाला आहे ना? झाला आहे, आणि २००३ साली तो आणखी आवळला गेला. पूर्वी एक तृतीयांश आमदार फुटले तर त्याला फूट मानून सूट मिळे. ती आता नाही. पण हा कायदा सभागृहातील मतदानाला व पक्ष सोडण्याला लागू पडतो. पक्षाने आपला नेता कोणाला निवडावे, कोणत्या रीतीने निवडावे, ह्याविषयी तो मुका आहे. शिवाय कायदा हीदेखील एक राखणच. बाहेरून बांधलेले मन आतून बांधले जाईलच असे नाही.

ह्यावरून नेतेपदासाठी चुरस होणेच वाईट, असा अर्थ काढू नये. पुष्कळ सज्जनांचा तसा समज असतो. आपल्या मंडळ्यांतही पंच निवडताना दोन नावे पुढे आली की कोणीतरी हात जोडून उठतो व बिनविरोध करा म्हणतो. मला त्या बिनविरोधाची धास्ती वाटते. कित्येक पक्षांत आमदारांची बैठक भरते, नेता ठरवण्याचा अधिकार पक्षश्रेष्ठींना द्यावा असा एका ओळीचा ठराव होतो आणि टाळ्या पडतात. तेथे भांडण दिसत नाही, कारण निवडच झालेली नसते.

ह्याउलट १९६६ ची गोष्ट पाहावी. लालबहादूर शास्त्री ताश्कंद येथे ११ जानेवारीला वारले. नेतेपद बिनविरोध ठरावे अशी कामराज प्रभृतींची इच्छा होती, पण मोरारजी देसाई हटले नाहीत. मत घ्या म्हणाले. बहुतेक मुख्यमंत्री आधीच इंदिरा गांधींच्या बाजूने उभे राहिले होते, तेव्हा दडपण नव्हते असे नाही. तरीही १९ जानेवारीला काँग्रेसच्या खासदारांनी गुप्त मतदान केले. इंदिराजींना ३५५ व मोरारजींना १६९ मते पडली. त्या १६९ जणांना कोणी हॉटेलात ठेवले नव्हते. वारे कोणीकडे वाहते आहे हे दिसत असतानाही ते आपल्या मतावर राहिले. मोरारजी हरले, पक्षातच राहिले, आणि पुढच्याच वर्षी त्याच इंदिराजींचे उपपंतप्रधान झाले. पुढे त्या दोघांचे काय झाले हे सर्वांस ठाऊक आहे. पण त्या दिवशीची रीत सरळ होती.

झाडे आपल्यावर राजा नेमायला निघाली, ही योथामाची कथा आपण मुलांना सांगतो तेव्हा बहुधा काटेरी झुडुपाची थट्टा करून थांबतो. योथामाचा रोख मात्र झुडुपापेक्षा निवडणाऱ्यांवर अधिक आहे. शखेमच्या लोकांनी देवळातले रुपे काढून अबीमलेखाला दिले, त्यातून त्याने उनाड माणसे पदरी ठेवली, आणि त्याने भावांचा वध केल्यावर त्यांनी त्याला राजा केले. तुम्ही हे सचोटीने केले काय, असा त्याचा त्यांना सवाल आहे. आपण नेत्यांच्या महत्त्वाकांक्षेवर टीका करतो, पण बसगाडीत मुकाट्याने चढणाऱ्या आमदाराला जाब विचारत नाही, जणू तो सामानच आहे. तो सामान नाही. हजारो लोकांनी त्याला आपल्या वतीने निवडायला पाठवले आहे. मी कोठेही जाणार नाही, माझ्या घरी राहीन, आणि ठरल्या दिवशी सभागृहात येऊन सांगितलेले मत देईन, एवढे म्हणायला त्याला कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही.

मुदतीचा भाग न्यायालयांनी पुष्कळ सुधारला आहे. बहुमताची परीक्षा राजभवनात नव्हे, सभागृहात व्हावी, असे सर्वोच्च न्यायालयाने बोम्मई खटल्यात १९९४ साली सांगितले. मे २०१८ मध्ये कर्नाटकच्या राज्यपालांनी येडियुरप्पांना पंधरा दिवस दिले होते; न्यायालयाने दुसऱ्याच दिवशी मतदान घ्यायला लावले. तरी तेवढ्या अवधीतही काँग्रेस व जनता दलाचे आमदार रातोरात बसने नेण्यात आले, आणि नेले कोठे तर हैदराबादेस. १९८४ साली आंध्रचे आमदार कर्नाटकात होते. चौतीस वर्षांनी कर्नाटकाने ती फेड उलट दिशेने घेतली. १९ मे रोजी सभागृह भरले. मतदानापूर्वीच येडियुरप्पांनी राजीनामा दिला, त्यामुळे हैदराबादहून आलेल्यांपैकी राखणीशिवाय किती जण टिकले असते हे त्या दिवशी कळायचे राहून गेले. चौदा महिन्यांनी, जुलै २०१९ मध्ये, त्याच दोन पक्षांच्या काही आमदारांनी राजीनामे दिले व मुंबईतील एक हॉटेल गाठले. २३ जुलैला ९९ विरुद्ध १०५ मतांनी ते सरकार पडले.